रसाने म्युटेशन धुतलं जात नाही: एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

नागपुरात सोसायटीच्या, मॉर्निंग वॉकच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज थांबायचं नाव घेत नाही. शब्द ग्रुपागणिक बदलतात, गाभा हाच:

“म्युटेशन म्हणजेच कॅन्सर. शरीर स्वतःहून कधी चूक करत नाही. म्युटेशन फक्त बाहेरच्या विषाने होतं. केमिकल, मोबाइल टॉवर, मायक्रोवेव्ह. म्हणूनच आजोबा-पणजोबांच्या काळी कॅन्सर नव्हता. घराण्यात कोणाला नसेल तर भ्यायचं कारण नाही. रोज चार लिटर पाणी, २१ दिवस संत्र्याचा रस आणि हळद घ्या, म्युटेशन धुऊन निघेल. बायोप्सी मात्र करू नका, सुई लागली की गाठ पसरते.”

म्युटेशन म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या अक्षरांत झालेला बदल, एवढं आधी ध्यानात घ्या. सुरुवात दुसऱ्या वाक्यापासून करू. बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

“शरीर स्वतःहून कधी चूक करत नाही”

करतं, आणि रोज करतं. माणसाच्या एका पेशीत डीएनएची सुमारे ६४० कोटी अक्षरं असतात, निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. पेशी दुभंगण्याआधी ही सगळी नव्याने उतरवावी लागतात. उतरवणारं एन्झाइम, पॉलिमरेज, दर लाखभर अक्षरांमागे एखादं चुकीचं बसवतं. लगेच एक पाऊल मागे सरून ते अक्षर स्वतःच उपटतं, तेव्हा प्रमाण कोटीत एकाच्या आसपास येतं. मग मिसमॅच रिपेअरची प्रथिनं धाग्यावरून फिरतात. जोडी जुळत नसेल तिथला तुकडा कापून पुन्हा भरतात. एवढी छाननी होऊन उरते ती १०० कोटी ते १,००० कोटी अक्षरांमागे एक चूक. म्हणजे ६४० कोटींच्या हिशेबाने कधी एकही नाही, कधी पाच-सहा. आता आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, हे त्यात धरा.

ही झाली उतरवतानाची चूक. पेशी नुसती बसून असली तरी डीएनए झिजत असतो, आणि झिजवणारा पदार्थ कोणता, तर पाणी. तेच पाणी, जे चार लिटर पिऊन म्युटेशन धुवायचं आहे.

हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक सायटोसिन. ३७ अंशांच्या पाण्यात त्याचा अमिनो गट अधूनमधून गळून पडतो आणि सायटोसिनचं युरॅसिल होतं. एका पेशीत दिवसाला हे शंभर ते काहीशे वेळा घडतं. युरॅसिल डीएनएत असायलाच नको, त्यामुळे ते ओळखणं सोपं. युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज नावाचं एन्झाइम ते खुडून काढतं आणि रिकाम्या जागी योग्य अक्षर बसतं. अडचण होते ती वेगळ्या ठिकाणी. काही सायटोसिनवर पेशीने स्वतःच मिथाइलचा शिक्का मारलेला असतो (कोणतं जनुक बंद ठेवायचं, याची ती खूण). अशा सायटोसिनचा अमिनो गट गळला की युरॅसिल होत नाही, थेट थायमिन होतं. थायमिन हे डीएनएचं अधिकृत अक्षर. चोर गणवेशात शिरला, पहारेकऱ्याने ओळखायचं कसं? दुरुस्ती होते, पण पुष्कळदा हुकते. म्हणूनच माणसाच्या पेशींत वयाबरोबर साठणाऱ्या म्युटेशनांत “सी जाऊन टी” हा बदल आघाडीवर असतो. त्यात ना टॉवर, ना प्लास्टिक.

याखेरीज दिवसाला हजारो ठिकाणी प्युरीन अक्षरं, म्हणजे ए आणि जी, कण्यापासून अलग होऊन पडतात; आपण श्वासाने घेतलेल्या प्राणवायूतून तयार होणारे आक्रमक रेणू जी अक्षराला गंजवतात. जवळपास सगळं दुरुस्त होतं. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुरुस्तीतून निसटलेलं साठत जातं: मोठ्या आतड्याच्या एका मूलपेशीत वर्षाला सुमारे ४० नवे बदल, निरोगी माणसातसुद्धा. प्रत्येक बाळ आईवडिलांत नसलेले ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्माला येतं. त्यातले बहुतेक वडिलांकडून येतात, कारण शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर दुभंगत राहतात. वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे दीड-दोन बदलांची भर पडते.

“म्युटेशन म्हणजेच कॅन्सर”

विदर्भात हे वाक्य खोडायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. सिकलसेल आपल्याकडे घराघरांतला शब्द आहे. तो आजार म्हणजे एका अक्षराचं म्युटेशन: बीटा-ग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी, त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. ‘एएस’ (वाहक) असो की ‘एसएस’ (रुग्ण), हा बदल जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. म्युटेशन म्हणजेच कॅन्सर असतं, तर या माणसाची प्रत्येक पेशी कॅन्सरची ठरली असती. तसं होत नाही, कारण हे जनुक हिमोग्लोबिन बनवतं. पेशीने कधी दुभंगायचं आणि कधी थांबायचं याच्याशी त्याचा संबंध नाही. (वाहकांत मूत्रपिंडाचा एक अतिदुर्मीळ कर्करोग दिसतो, हे खरं, पण त्याचं कारण मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या रक्त-प्राणवायूच्या टंचाईशी जोडलं जातं.)

दुसरा पुरावा आणखी बोलका. २०१५ मध्ये संशोधकांनी पापणीच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या निरोगी कातडीचे बारीक तुकडे तपासले. १८ ते ३२ टक्के पेशींत कर्करोगात भेटणारे, पेशीला वाढीत फायदा देणारे बदल होते. कातडी मात्र ठणठणीत. २०१८ मध्ये अन्ननलिकेचं तेच दिसलं: मध्यम वयापर्यंत अर्ध्याहून जास्त अस्तर म्युटेशनवाल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेलं. त्यात नॉच-१ या जनुकातले बदल निरोगी अस्तरात जितके होते, त्याच्या मानाने अन्ननलिकेच्या कर्करोगात ते कितीतरी कमी आढळतात.

मग कर्करोग होतो कधी? एकाच पेशीच्या वंशात, ठरावीक जनुकांत, पुरेसे बदल जमले की. वाढीचा पेडल दाबून धरणारी जनुकं एकीकडे (केआरएएस, ईजीएफआर), ब्रेकची दुसरीकडे (आरबी-१, टीपी-५३, एपीसी). पेडलची एक प्रत बिघडली तरी पुरते. ब्रेकच्या सहसा दोन्ही प्रती जाव्या लागतात. आल्फ्रेड नुडसनने १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या हिशेबावरून हे दाखवलं. मोठ्या आतड्यात सहसा आधी एपीसी जातं आणि अस्तरावर मस्सा (पॉलिप) तयार होतो, पुढे केआरएएस, मग टीपी-५३. याला दहा-वीस वर्षं सहज लागतात. गाठीत हजारो बदल सापडतात, पण गाडी हाकणारे सरासरी चार-पाच. बाकीचे नुसते बसलेले प्रवासी. अपवादही आहेत: सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची एक अदलाबदल बहुतांश काम करते, आणि म्हणूनच त्या एका बिघाडावर नेमकी बसणारी इमॅटिनिबची गोळी २००१ पासून तो आजार काबूत ठेवते.

गडचिरोलीच्या कमलापूरला हत्ती पाहायला जाणाऱ्यांसाठी एक जोड. एवढा अवाढव्य प्राणी, इतक्या पेशी, तरी हत्तीत कर्करोग कमी. आपल्याकडे टीपी-५३ चं एकच जनुक, आई-वडिलांकडून एकेक प्रत; हत्तीकडे त्याच्या सुमारे २० जादा नकला आहेत, आणि डीएनए बिघडलेली पेशी दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो तिला चटकन मरू देतो.

“फक्त बाहेरच्या विषाने होतं”

‘फक्त’ हा शब्द वर निकालात निघाला. पण बाहेरची कारणं आहेतच, आणि मेसेजने नेमकी चुकीची निवडली आहेत.

टॉवर आणि मायक्रोवेव्ह पटकन आटोपू. डीएनएचा बंध तोडायला एका प्रकाशकणात किमान काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. उन्हातल्या यूव्ही-बी कणात ती चारच्या आसपास असते. ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जी लहरीच्या कणात ती याच्या सुमारे २.८ लाख पट कमी. कण कितीही वाढवले तरी एकेक कण तेवढाच दुबळा. फार तर ऊब येईल. मायक्रोवेव्हची भट्टी हेच करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-बी गटात टाकलं, हे मेसेजवाले आवर्जून सांगतात. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्या आहेत, हे सांगत नाहीत.

आता जे मेसेजमध्ये नाही ते. खर्रा.

कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन ओलसर होईस्तोवर घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. तंबाखू सुकवताना-आंबवताना तिच्यात एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइनं तयार होतात. शरीरातली एन्झाइमं त्यांना विरघळवून बाहेर टाकायला जातात आणि वाटेत असे तुकडे बनतात जे थेट जी अक्षराला चिकटतात. मिथाइल चिकटलेला जी हा पॉलिमरेजला ए सारखा वाटतो, त्याच्यासमोर सीऐवजी टी बसतो, आणि पुढच्या उतरवणीत बदल पक्का. हा मिथाइल काढणारं एक प्रथिन आपल्याकडे आहे, एमजीएमटी. पण त्याचा एक रेणू एकदाच कामाला येतो; मिथाइल स्वतःवर घेतो आणि बाद होतो. दिवसाला सात-आठ पुड्या लागल्यावर साठा कुठून पुरणार?

सुपारीचं काम वेगळं. चुन्याने तोंडातल्या लाळेचा स्वभाव अल्कधर्मी होतो आणि त्या अवस्थेत सुपारीतल्या पॉलिफेनॉलांपासून आक्रमक ऑक्सिजन-रेणू सुटतात. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या थरात कोलॅजन साठवतं. गाल ताठ, पांढुरके, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता. “मी तंबाखू खात नाही, नुसती मिठी सुपारी” असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: सुपारी तंबाखूशिवायही आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोगकारक म्हणून सिद्ध. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानठेल्यावर घोटणं थांबलेलं नाही, हे सांगायला नको.

गाल आणि हिरडीमधल्या खोबणीतल्या या कर्करोगाची जनुकं भारतीय शास्त्रज्ञांनीच वाचली आहेत. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) यांच्या गटाने २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेस-८, एचआरएएस, नॉच-१ ही जनुकं त्यात वारंवार बिघडलेली सापडली.

घरी काय पाहावं: तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का. नेहमीची तर्री अचानक तोंडाला झोंबायला लागली का. जळजळ हे फायब्रोसिसचं पहिलं लक्षण असतं, तोंड आखडणं नंतर येतं. बोटाने घासून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात. यातलं काहीही असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा कुठल्याही मुख-शल्यचिकित्सकाकडे जावं. मलम लावून महिना काढू नये.

धुराबद्दलही मेसेज गप्प आहे. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली की फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० म्युटेशनांची भर पडते, असा २०१६ चा हिशेब आहे. स्वरयंत्रात ९७, तोंडात २३. बाहेरच्या हवेचं प्रदूषण आयएआरसीने २०१३ मध्ये पहिल्या गटात टाकलं. पण २०२३ मध्ये त्याची जी रीत समोर आली ती मेसेजच्या तर्काला उलटी आहे. धूलिकण स्वतः फारशी म्युटेशनं करत नाहीत. कर्करोग नसलेल्या फुफ्फुसाच्या १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचं म्युटेशन आधीच होतं, वयानुसार आलेलं आणि झोपलेलं. बारीक धुळीने फुफ्फुसात दाह होतो आणि त्या दाहाने या पेशी जाग्या होतात.

इथे एक हिशेब बऱ्याचदा उलटा वाचला जातो, तोही सांगून टाकू. २०१७ मध्ये टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांनी मांडलं की कर्करोगाला कारण ठरणाऱ्या म्युटेशनांपैकी ६६ टक्के उतरवतानाच्या चुकांमुळे, २९ टक्के परिसरामुळे आणि ५ टक्के वारशाने येतात. त्यांच्या पद्धतीवर वाद झाले, पण मोठा घोटाळा वाचणाऱ्यांनी केला: “दोन तृतीयांश कॅन्सर नशिबाने होतात, मग खर्रा का सोडू?” आकडा म्युटेशनांचा आहे, कर्करोगांचा नाही. गाठ व्हायला तीन बदल लागत असतील, दोन आपोआप आले आणि तिसरा खऱ्र्याने दिला, तर टक्केवारीत खऱ्र्याचा वाटा ३३. खर्रा काढला तर गाठ १०० टक्के टळली.

“आजोबांच्या काळी कॅन्सर नव्हता”

सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं वर्णन आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं, ते रिकाम्या खाटा ठेवायला नव्हे. तिथे वसंत रामजी खानोलकरांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू-विड्याची सवय यांचा संबंध त्याच काळात तपासायला घेतला. कर्करोग कमी दिसत होता हे मात्र खरं, आणि त्याचं मुख्य कारण वय. १९४१ ते ५१ या दशकात भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं. सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली असते, हे मान्य. पण साठी ओलांडलेलेही १९५१ मध्ये लोकसंख्येच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपासच होते. २०११ मध्ये ते ८.६ टक्के झाले. आर्मिटेज आणि डॉल यांनी १९५४ मध्ये दाखवलं की अनेक कर्करोगांचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतं. ३५ च्या माणसाशी ७० च्या माणसाची तुलना करा: वय दुप्पट, धोका दोनचा सहावा घात, ६४ पट. आणि तेव्हा “पोटात गोळा झाला, दोन महिन्यांत गेले” एवढंच घरात कळायचं. गोळ्याचं नाव कोण विचारणार?

“घराण्यात नाही, मग भीती नाही”

वारशाने मिळालेल्या एका जनुकामुळे होणारे कर्करोग एकूण कर्करोगांच्या ५ ते १० टक्के. उरलेले ९० ते ९५ टक्के अशा वारशाशिवाय होतात, म्हणजे ज्यांच्या घराण्यात ‘तसं काही नाही’ त्यांनाही.

आणि घराण्यात आहे की नाही हे पाहतानाही चूक होते. स्तनाचा कर्करोग म्हटलं की फक्त आईकडची माणसं मोजतात. बीआरसीए-१ आणि २ ही जनुकं वडिलांकडूनही येतात. वडील स्वतः निरोगी राहून मुलीला ५० टक्के शक्यतेने देऊ शकतात. बीआरसीए-१ बिघडलेल्या बाईला ऐंशीपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ७२ टक्के, बीजांडाच्या (अंडाशयाच्या) कर्करोगाची ४४. बीआरसीए-२ मध्ये ६९ आणि १७. बहीण नसलेल्या, दोन पिढ्या मुलगेच असलेल्या घरात हे जनुक अगदी गुपचूप पुढे सरकतं.

जनुकीय समुपदेशकाकडे कोणी जावं: ५० च्या आत स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्यांनी, कोणत्याही वयात बीजांडाचा झालेल्यांनी, स्तनाच्या गाठीचा ट्रिपल निगेटिव्ह (नेहमी तपासले जाणारे तिन्ही ग्राहक नसलेला) रिपोर्ट आलेल्यांनी, दोन्ही स्तनांत गाठ असलेल्यांनी, स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषांनी. पहिली तपासणी आजारी माणसाची करायची, निरोगी बहिणीची नव्हे. आजारी व्यक्तीत कोणतं अक्षर बिघडलंय ते कळलं की घरातल्या बाकीच्यांचं तेवढंच पाहायचं, स्वस्तात आणि नेमकं. उलटं केलं आणि बहिणीचा रिपोर्ट कोरा आला, तर ती सुटली की घराण्याचा बिघाड वेगळ्याच जनुकात आहे, हे कळत नाही. नमुना म्हणजे जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत तीन-चार मिलिलिटर रक्त. रक्ताचाच कर्करोग असेल तर मात्र हे रक्त चालत नाही, कारण त्यात गाठीची म्युटेशनं मिसळलेली असतात. कातडीचा तुकडा घ्यावा लागतो. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की बदल सापडला, तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. व्हीयूएसच्या जोरावर स्तन किंवा बीजांड काढायचं नसतं.

“२१ दिवस संत्र्याचा रस, हळद”

संत्री खावी. आंबिया बहाराची असो की मृगाची, ती खायला मेसेजची गरज नाही. पण म्युटेशन हा पेशीला चिकटलेला मळ नाही, तो अक्षरातला बदल आहे. एकदा दोन्ही धाग्यांवर उतरला की मूळ अक्षर कोणतं होतं हे सांगणारं पेशीत काहीच उरत नाही. व्हिटॅमिन सी ला ते कुठून कळणार? हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम शिरतं.

अँटिऑक्सिडंट भरपूर घेतले तर निदान नुकसान तरी नाही ना, असं विचारलं जातं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. फळातून येणारं प्रमाण वेगळं आणि गोळीतलं वेगळं, एवढा धडा त्यावरून घेता येतो. इमॅटिनिबसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळावं, कारण ही फळं औषध मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि औषधाची रक्तातली पातळी वाढते.

सोडण्याने मात्र खरोखर काहीतरी होतं, आणि ते धुणं नव्हे. २०२० मध्ये माजी धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी एकेक करून वाचल्या. त्यांच्यातल्या काहींत ४० टक्क्यांपर्यंत पेशी कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाइतक्या कमी म्युटेशनांच्या होत्या. बिघडलेल्या पेशी सुधारल्या नव्हत्या. कुठेतरी शाबूत राहिलेल्या पेशी, धूर थांबल्यावर, वाढून त्यांची जागा घेत होत्या.

“बायोप्सी करू नका, सुईने पसरते”

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. त्याच्यापायी लोक तीन-चार महिने घालवतात आणि दुसऱ्या टप्प्यातली गाठ चौथ्यात घेऊन येतात.

सुईच्या वाटेवर पेशी सांडणं ही नोंदलेली, दुर्मीळ गोष्ट आहे आणि डॉक्टरांचे नियम तिला धरूनच बनलेत. यकृताच्या कर्करोगात हे शंभरात दोन-तीनदा घडतं, म्हणून सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक चित्र दिसलं तर तिथे सुई घालतच नाहीत. वृषणाच्या गाठीला अंडकोशातून सुई लावत नाहीत. जांघेतून पूर्ण वृषण काढतात. बीजांडातली सुटी गाठ फोडत नाहीत. स्तनात मात्र कोअर बायोप्सीच करायची असते: सुईची वाट पुढे शस्त्रक्रियेच्या किंवा रेडिएशनच्या टापूत येते आणि जगण्यावर वाईट परिणाम दिसलेला नाही.

बायोप्सीशिवाय गाठीचं म्युटेशन सहसा नीट वाचता येत नाही आणि ते वाचल्याशिवाय नेमकी गोळी देता येत नाही. खरा बिघाड होतो तो सुईनंतर, बाटलीत. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियाहून तुकडा नागपूरला येतो तेव्हा हे पाहा. तुकडा सलाइनमध्ये नको. सलाइनमध्ये तो कुजतो, मे महिन्यात तर काही तासांत. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन हवं, तेही तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा काढल्यापासून तासाभरात त्यात पडायला हवा. बाटली रुंद तोंडाची. अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत जातो, पण फॉर्मेलिनने घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही, मग चिमट्याने चेंगरतो. फॉर्मेलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. शनिवारी काढलेला तुकडा सणाच्या सुट्ट्यांमुळे आठवडाभर तसाच पडला तर डीएनएचे तुकडे होतात. हाडातला नमुना ॲसिडने मऊ केला तर डीएनए जवळजवळ संपतो. म्युटेशनची तपासणी लागणार असेल तर ईडीटीएने मऊ करायला आधीच सांगावं. आणि पाठवलेल्या कापात गाठीच्या पेशी निदान २० टक्के हव्यात, नाहीतर ‘म्युटेशन आढळलं नाही’ या उत्तराला अर्थ राहत नाही.

जास्त मुरलेल्या तुकड्यात आणखी एक फसगत असते. फॉर्मेलिनमध्येही सायटोसिनचं युरॅसिल होतं, तेच जे पेशीत पाण्याने होतं. यंत्र ते ‘सी जाऊन टी’ असं वाचतं आणि रुग्णात कधी नव्हतंच असं म्युटेशन रिपोर्टवर येऊ शकतं. चांगल्या प्रयोगशाळा वाचनाआधी नमुन्यावर एक एन्झाइम टाकून ती युरॅसिलं खुडून घेतात. कोणतं? युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज. पेशीतला पहारेकरीच बाटलीतून विकत मिळतो.

तपासणीनंतर उरलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड रुग्णाच्या कामाच्या असतात. दुसरं मत घ्यायचं तर नव्याने सुई लागत नाही, ब्लॉक दिला की पुरतं. दोन वर्षांनी नवी गोळी आली तरी तोच ब्लॉक पुन्हा वाचता येतो. पावती देऊन मागून घ्यावा, त्यावरचा क्रमांक रिपोर्टशी ताडून पाहावा, आणि घरात कोरड्या, थंड जागी ठेवावा. त्यातलं मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. नागपूरचं ४६ अंशांचं ऊन त्याला काही करत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड मात्र करतो, तिथे पारा ७० पर्यंत चढतो.